अण्णाच्चींच्या डोळ्यातला सिलिंडर

तिरुनेलवेलीच्या एका लग्नात थाणुमालयन पिळ्ळैंचा चष्मा पायसमच्या कढईत पडला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

नागरकोविलपासून तिरुनेलवेलीपर्यंत लग्नाचा स्वयंपाक म्हटला की थाणु अण्णाच्चींचं, म्हणजे तिकडच्या भाषेत थाणु दादांचं, नाव निघायचं. माणूस आडदांड, आवाज भारदस्त, आणि शाळेत जायच्या वयापासून नाकावर जाड भिंगांचा चष्मा. प्लास्टिकच्या भिंगांना चरे पडतात म्हणून ते अजून खऱ्या काचेचाच वापरत. चुलीपुढे उभं राहिलं की वाफेनं काचेवर धुकं धरायचं, घामानं चष्मा घसरायचा, आणि अण्णाच्ची मनगटानं तो वर ढकलत ढवळत राहायचे. त्या दिवशी दूध किती आटलं ते पाहायला ते खाली वाकले, चष्मा कानावरून सुटला आणि डुबकन आत गेला. झाऱ्यानं काढला खरा, पण एका काचेचा कोपरा उडालेला होता. तो आधीच उडाला होता की आत राहिला, हे कोण सांगणार? अण्णाच्चींनी क्षणभर कढईकडे पाहिलं आणि सगळं पायसम मांडवामागच्या खड्ड्यात ओतायला लावलं. दुधासाठी माणसं दाही दिशांना पळाली. दुसरं पायसम झालं, पण शेवटच्या पंगतीपुरतंच. नवरीची आई रडली, नवऱ्याची आई रुसली, आणि अण्णाच्ची घरी पोचायच्या आत ही बातमी नागरकोविलला पोचली.

"काय अण्णाच्ची, पायसममध्ये हल्ली काजू घालता की काचा?" वडसेरीच्या बाजारात नारळवाला विचारायचा.

"तुझे नारळ खवट निघतात, म्हणून काचाच बऱ्या," अण्णाच्ची म्हणायचे आणि पुढे व्हायचे. पण नारळ मग दुसऱ्या दुकानात घ्यायचे.

नवा चष्मा करायला गेले तर चष्मेवाल्यानं बराच वेळ डोळे तपासून मान हलवली. "अण्णाच्ची, नवा नंबर देऊन उपयोग नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरलाय. आणि शिवाय सिलिंडर केवढा मोठा!"

"सिलिंडर? माझ्या डोळ्यात?"

"नंबराचा एक प्रकार असतो तो."

"मग बरोबर आहे. रोज धूर कुठून येतो ते आत्ता कळलं."

डोळे दाखवायचे तर कुणाला, हा प्रश्नच नव्हता. शहरातल्या मोठ्या डोळ्यांच्या इस्पितळात डॉक्टर पेच्चियम्माळ होती, म्हणजे सुडलैमुत्तुची पेच्ची. सुडलैमुत्तु अण्णाच्चींचा उजवा हात. ऐन तारुण्यात आला तो त्यांच्याकडेच म्हातारा झाला. भाजी चिरायची, नारळ खोवायचे, मसाले वाटायचे, पाणी ओढायचं, सगळं तो करायचा. कढईत पळी मात्र अण्णाच्चींचीच फिरायची. "कालवण कुणी ढवळलं?" असं जात पाहून विचारणारी घरं होती, आणि त्यांना द्यायचं उत्तर तयार ठेवावं लागे. ती घरं हळूहळू विचारायची थांबली, पण पळी काही या हातातून त्या हातात गेली नाही. त्याबद्दल सुडलैमुत्तु कधी बोलला नाही आणि अण्णाच्चींनी कधी विषय काढला नाही. पेच्ची डॉक्टर झाली तेव्हा मात्र अण्णाच्चींनी गल्लीभर पुरणपोळीसारख्या गोड बोळी वाटल्या आणि जो भेटेल त्याला सांगितलं, "आमच्या सुडलैची पोरगी! माझे डोळे तीच करणार, बघा तुम्ही."

पेच्चीनं त्यांना खुर्चीत बसवून निरनिराळ्या यंत्रांत डोकावायला लावलं. मग समोर स्टूल ओढून बसली. अंगानं किरकोळ, बापासारखीच कमी बोलणारी; पण बोलायला लागली की सरळ मुद्द्यावर येणारी.

"मामा, डोळ्याचा पुढचा पडदा वाटीच्या बुडासारखा गोल असावा लागतो. तुमचा पळीच्या पाठीसारखा आहे. एका दिशेनं जास्त वळलेला. म्हणून उजेड आत एका जागी जमत नाही. यालाच सिलिंडर म्हणतात. नुसता मोतीबिंदू काढून साधं भिंग बसवलं तर दिसेल स्वच्छ, पण चष्मा राहील."

"मग काय उपयोग? चष्म्यासाठीच तर आलोय."

"ऐका ना. एक वेगळं भिंग मिळतं. तुमच्या पडद्याला जो बाक आहे, त्याच्या उलटा बाक त्या भिंगाला दिलेला असतो. एकानं दुसरं फिटतं. ते बसवलं की लांबचं बिनचष्म्याचं दिसेल. मात्र ते नेमक्या कोनातच बसायला हवं. थोडं फिरलं की गुण कमी, जास्त फिरलं की नसलेलं बरं. क्वचित तसं होतं, मग पुन्हा आत जाऊन सरळ करावं लागतं. हे मी आधीच सांगून ठेवतेय."

अण्णाच्चींना त्यातलं 'बिनचष्म्याचं' एवढंच ऐकू आलं.

"जवळचं वाचायला मात्र चष्मा लागेल हं," पेच्ची म्हणाली.

"वाचतंय कोण? लग्नपत्रिकेपलीकडे मी जन्मात काही वाचलं नाही, तीही मांडव कुठे आहे एवढ्यापुरती."

उजवा डोळा आधी करायचं ठरलं. सकाळी शस्त्रक्रियेच्या खोलीत नेण्यापूर्वी पेच्चीनं त्यांना ताठ बसवलं, समोरच्या भिंतीकडे बघायला सांगितलं आणि बुबुळाच्या कडेला शाईचे बारीक ठिपके दिले.

"आडवा पडल्यावर दे की ठिपके. पळून थोडाच जातोय मी?"

"आडवं पडलं की डोळा जागच्या जागी किंचित वळतो, मामा. म्हणून खूण बसवूनच करायची."

तिचा हात स्थिर होता, पण श्वास तिनं रोखून धरला होता हे अण्णाच्चींना इतक्या जवळून कळलं.  बाकी सगळं पंगत वाढायला लागतो त्याहून कमी वेळात उरकलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. समोरची खिडकी निळी होती. आपण कालपर्यंत जिला राखी समजत होतो ती निळी होती! परिचारिकेच्या वेणीतला अबोली गजरा असा काही पेटला होता की त्यांनी हात जोडले. तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली तर वरच्या मोठ्या ओळी त्यांनी गर्जना केल्यासारख्या वाचल्या. खालच्या ओळी जराशा पसरट वाटल्या, पण इतका उजेड एकदम डोळ्यात शिरल्यावर वाटणारच, असं त्यांनी धरून चाललं. "फर्स्ट क्लास!" ते ओरडले. पेच्ची पहिल्यांदाच दात दिसतील अशी हसली. दाराशी उभ्या सुडलैमुत्तुनं खांद्यावरच्या पंचानं तोंड पुसलं.

"चूल नाही, धूर नाही, वजन उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही," पेच्चीनं बजावलं. "आठवड्यानं दाखवायला या. आणि मामींना विचारून घेईन मी, लपवाछपवी चालणार नाही."

घरी आले आणि एका जागी बसवेना. जुन्या चष्म्याची उजवी काच काढून टाकली होती, डावी जाड काच तशीच. त्यामुळे एका डोळ्याला जग मोठं नि दुसऱ्याला लहान. उंबरठा पाय टाकावा तिथे नसायचा. चष्मा काढावा तर डावीकडे धुकं, घालावा तर गरगर. अण्णाच्ची परसात जायचे, पुढच्या ओट्यावर यायचे, परत परसात जायचे.

"अहो, पिंजऱ्यातल्या वाघासारख्या फेऱ्या काय मारताय? बसा की जरा," बायको वडिवु म्हणायची.

"सुडलैनं सुचिंद्रमच्या लग्नाला चिंच किती घेतली विचारायला पाहिजे."

"त्याला कळतं."

"काय कळतं त्याला? चिरण्यातलं कळतं."

वडिवुनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ती अशी पाहायला लागली की अण्णाच्चींना परसातलं एखादं काम आठवायचं.

सुचिंद्रमचं लग्न शस्त्रक्रियेच्या आधीच घेतलेलं होतं. ते मोडता येत नव्हतं. म्हणून पहिल्यांदाच पळी सुडलैमुत्तुच्या हातात द्यावी लागली होती. लग्नाच्या दिवशी सकाळी वडिवु देवळात गेली, आणि अण्णाच्ची काळा चष्मा चढवून रिक्षात बसले. नुसतं लांबून बघून यायचं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

मांडवामागे चुली पेटल्या होत्या. कुणाची आरडाओरड नव्हती. हे पहिलं खटकलं. आपण असतो तेव्हा केवढा गोंगाट असतो! सुडलैमुत्तु तीयलच्या कढईपाशी उभा होता, खोबरं भाजून वाटलेलं ते काळपट, चिंचेचं कालवण संथपणे हलवत. अण्णाच्चींना पाहून तो दचकला.

"अण्णाच्ची! तुम्ही इथं? पेच्ची मला मारील."

"पळीभर दे इकडे."

त्यानं तळहातावर थेंब दिला. अण्णाच्चींनी चाटला. पुन्हा एकदा घेतला. मीठ जागच्या जागी, चिंच जागच्या जागी, खोबरं करपण्याच्या एक क्षण आधी उतरवलेलं. काही बोलायला जागाच नव्हती. तेवढ्यात यजमान येऊन म्हणाले, "वास असा सुटलाय की लोक मुहूर्ताआधीच पानावर बसतील हो!" आणि हे ते सुडलैमुत्तुला म्हणाले.

अण्णाच्चींच्या अंगातून काहीतरी सळसळत गेलं. राग म्हणावा तर कुणावर? "ही कढई अजून चुलीवर काय करतेय? खालून लागेल," असं म्हणून त्यांनी पंचा हाताला गुंडाळला आणि कढईच्या कडीला हात घातला. पोरं धावली, सुडलैमुत्तुनं दुसरी कडी धरली. कढई उतरली, पण ओलं लाकूड धुमसलं आणि धुराचा लोट थेट तोंडावर आला. काळा चष्मा घामानं घसरला. डोळा झोंबला आणि कळायच्या आत अण्णाच्चींचा हात डोळ्यावर गेला. चांगला चोळला गेला.

"अण्णाच्ची!"

"काही नाही. घरी कुणाला सांगायचं नाही. पेच्चीला तर मुळीच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डावा डोळा हातानं झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. प्रत्येक आकड्याला शेजारी एक फिकी सावली होती. समईची ज्योत तिरकी ताणलेली दिसत होती, कुणी चिमटीत धरून ओढल्यासारखी. अण्णाच्चींनी डोळा मिटून पुन्हा उघडला.

आपल्याच हातानं घालवलं. दुसरं काय?

ती सावली काही हटेना. आणि त्यांना आता अक्षरांचा नादच लागला. दिसेल ती पाटी डोळा झाकून वाचायची. बसस्थानकाशी उभं राहून येणाऱ्या बसचं गाव ओळखायचं. 'तक्कलै'ची बस 'तोवाळै'ची वाटायची. भिंतीवरच्या सिनेमाच्या नटाला चार भुवया. डोळा किलकिला केला की जरा बरं, सोडला की पुन्हा तेच. दिवसातून शंभर वेळा ते हा खेळ करायचे आणि प्रत्येक वेळी आता सावली गेली असेल अशी आशा करायचे. जेवण जाईना. झोपताना डोळ्यावर बांधायची जाळीची वाटी कडक बांधली तर भिंग जागेवर येईल की काय, असलेही विचार यायला लागले.

आठवडा भरला. इस्पितळात जायचा दिवस आला. "आज नको, पोट बिघडलंय," अण्णाच्ची म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज अमावस्या आहे."

"अमावस्या झाली की गेल्या आठवड्यात," वडिवु म्हणाली. "काय झालंय ते सांगणार आहात का? बसची पाटी वाचायला कोंबडीसारखी मान वाकडी करताना मी पाहिलंय तुम्हाला."

"तुला काय कळतंय? मला मुंगीचा पाय दिसतो!"

खरी भीती डोळ्याची नव्हतीच. ऐन बाजारात ती समोर आली. कनकमूलम बाजाराच्या पायऱ्या उतरताना शेवटची पायरी चुकली, अण्णाच्ची वांग्यांच्या ढिगावर आदळले. हात धरून उठवायला आला तो चेल्लम, दुसरा आचारी, वर्षानुवर्षांची चढाओढ. त्यानं कपडे झटकून दिले आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, "तरी लोक म्हणत होते. भाजी चिरणाऱ्याच्या पोरीच्या हातात कुणी डोळा देतं का, अण्णाच्ची? विळी चालवायचा हात तो! वांगं नि डोळा, तिला सारखंच."

लोक हसले. अण्णाच्चींनी त्याची गचांडी धरली. "पुन्हा त्या पोरीचं नाव घेशील तर या वांग्यांसारखा तुला चिरीन. माझा डोळा सोन्यासारखा झालाय! सोन्यासारखा!"

"मग ती समोरची पाटी वाचा बघू."

समोरच्या दुकानाची पाटी अण्णाच्चींना पाठ होती. त्यांनी घडाघडा वाचली. लोक एकमेकांकडे बघायला लागले, चेल्लमही हसायचं विसरला. अण्णाच्ची वळले तर मागे नारळांचं पोतं खांद्यावर घेऊन सुडलैमुत्तु उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. आणि ती पाटी मागच्या महिन्यात बदलून तिथे औषधांच्या दुकानाची लागली होती, हे इतरांसारखं त्यालाही दिसत होतं.

 त्यानं पोतं उतरवून ठेवलं आणि तो निघून गेला.

संध्याकाळी पेच्ची स्कूटरवरून आली. इस्पितळातून तशीच निघाली असावी, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. वडिवुनं पुढे केलेली कॉफी तिनं ओट्यावर ठेवली आणि अण्णाच्चींच्या समोर जमिनीवर बसली.

"मामा, तुम्ही आला नाहीत."

"कामं होती."

"अप्पांनी सांगितलं मला." तिचा आवाज घसरला. "मी त्या ठिपक्यांचाच विचार करतेय. तुम्ही आला नाहीत त्या दिवसापासून. खूण करताना तुमची मान किंचित कलती होती का? मी नीट पाहिलं होतं का? मी... मामा, मला वाटतंय माझंच चुकलंय. तुम्हाला ते कळलंय, आणि तुम्ही मला वाचवताय."

अण्णाच्ची तिच्याकडे बघतच राहिले. असं काही तिच्या मनात असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"तुझं? तुझं कसं चुकेल? मी गेलो होतो गं सुचिंद्रमला!"

"कुठे?"

"चुलीपाशी. कढई उचलली. धूर गेला. चोळला डोळा. असा, मुठीनं." त्यांनी मूठ वळून दाखवली. "तुझं सोन्यासारखं काम मी मातीत घातलं. आणि लोक तुला बोलणार. मग कुठल्या तोंडानं येऊ?"

पेच्ची उठली. तिचं नाक लाल झालं होतं. क्षणभर वाटलं रडेल, पण ती भडकलीच. "चोळला? कापलेल्या डोळ्यात धूर? मामा, जंतू शिरले असते तर डोळा काढावा लागला असता, कळतंय का? काढावा! भिंगाचं जाऊ द्या, डोळाच गेला असता! आणि अप्पा तिथे असून गप्प बसले?"

"त्याला मीच बजावलं होतं."

"तुम्ही बजावता आणि ते ऐकतात! जन्मभर तेच!"

हे शेवटचं तोंडातून गेलं आणि ती थांबली.  अण्णाच्चींनी मान खाली घातली. पायाच्या अंगठ्यानं ते जमीन उकरत राहिले.

"चला," पेच्ची म्हणाली. "आत्ताच चला."

इस्पितळात डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केली. पेच्ची यंत्रातून बराच वेळ पाहत होती. मग तिनं तिच्या वरच्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, तेही पाहू लागले. भिंगाच्या कडेला बारीक खुणा असतात. त्या शाईच्या ठिपक्यांच्या रेषेत हव्या होत्या. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर बारावर असायला हवा तो काटा एकावर गेला होता.

"भिंग फिरलंय, मामा."

"चोळल्यानं?"

"सांगता येत नाही. बहुतेक पहिल्या रात्रीच फिरलं असावं. तुमचा डोळा मोठा आहे, भिंग ज्या पिशवीत बसतं ती ऐसपैस आहे. अशात कधीकधी फिरतं. पहिल्या दिवशी मी बाहुली मोठी करून पाहायला हवं होतं, पाहिलं नाही. तुम्ही फर्स्ट क्लास म्हणालात आणि मी..." तिनं वाक्य सोडून दिलं.

मोठे डॉक्टर शांत गृहस्थ होते. "प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी होतं हे. सरळ करता येईल, लवकर केलेलं बरं. हवं तर मी करतो," ते म्हणाले.

"हो सर, तुम्हीच करा," पेच्ची पटकन म्हणाली. हात तिनं कोटाच्या खिशात घातले होते.

अण्णाच्चींनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. बाहुली मोठी झाल्यामुळे सगळे चेहरे धुरकट होते, तरी ते खिशातले हात त्यांना दिसले.  खरं सांगायचं तर मोठ्या डॉक्टरांच्या हाती डोळा दिला तर बरं, असं त्यांनाही वाटून गेलं. वय आहे, अनुभव आहे, चेल्लमचं तोंडही बंद होईल. पण मग ही पोरगी उद्या दुसऱ्या कुणाच्या डोळ्याला हात कशी लावणार?

"डॉक्टर, तुम्ही शेजारी उभे राहा," ते शेवटी म्हणाले. "करेल तीच."

"मामा, ऐका माझं..."

"तू ऐक. कालवण बिघडलं म्हणून मी कधी दुसऱ्या आचाऱ्याला बोलावलं नाही. बिघडलं तिथेच उभं राहून सावरायचं. नाहीतर दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला हात धजत नाही." मग हळूच म्हणाले, "भीती मलाही वाटतेय. पण करेल तीच."

दोन दिवसांनी पुन्हा ते शाईचे ठिपके झाले. या वेळी पेच्चीनं मोठ्या डॉक्टरांनाही खूण पाहायला लावली, भिंतीवरच्या रेघेशी अण्णाच्चींची मान पुन्हापुन्हा जुळवली. बाहेर बाकावर सुडलैमुत्तु बसला होता. वडिवुनं नंतर सांगितलं की तो सारखी बोटं हलवत होता, मांडीवर भाजी चिरत असल्यासारखी.

आत अण्णाच्चींना फक्त उजेड दिसत होता आणि पेच्चीचा आवाज ऐकू येत होता. "मामा, हलू नका. थोडा दाब वाटेल." उजेडाचे तुकडे झाले, फिरले, पुन्हा जमले. त्यांना विचारावंसं वाटत होतं, पण जीभ दाताखाली धरून ते पडून राहिले. आयुष्यात इतका वेळ ते कधी गप्प राहिले नव्हते. "पिशवीला आधाराची बारीक कडी बसवलीय, आता फिरायचं नाही," ती म्हणाली, आणि मग मोठ्या डॉक्टरांचा आवाज आला, "छान. आता हात काढ."

या खेपेला पट्टी सुटली तेव्हा अण्णाच्चींनी फर्स्ट क्लास वगैरे काही म्हटलं नाही. तक्ता मागितला. एकेक ओळ सावकाश वाचत खाली गेले, शेवटच्या दोन ओळींपाशी अडखळले, एक अक्षर चुकले. पेच्चीनं बाहुली मोठी करून भिंग पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. आठवड्यानं पुन्हा. काटा बारावर होता.

महिनाभर चूल नाही. या वेळी वडिवुनं घराची किल्ली कमरेला खोचली. तिची गरज पडली नाही, पण अण्णाच्चींची तगमग काही थांबली नाही. सावली गेली तरी डोळा झाकून पाट्या वाचायची खोड राहिलीच. रात्री एकदम उठून बसायचे आणि देवापुढच्या समईकडे बघायचे, ज्योत सरळ आहे ना. डावा डोळा करायचा होता. त्याच्या तारखेचा विषय निघाला की घाम फुटायचा, आणि तारीख लांबली की चीड यायची.

या सगळ्यात एक दिवस तोवाळैहून फुलांच्या व्यापाऱ्याचा निरोप आला. मुलीचं लग्न, मोठा बेत. माणूस ओट्यावर बसला, पान खाल्लं, आणि अवघडत म्हणाला, "अण्णाच्ची, सुचिंद्रमच्या लग्नात जेवलो होतो मी. ते तीयल... तुमची तब्येत बरी नाही तर, म्हणजे तुमची हरकत नसेल तर..."

"सुडलैमुत्तु पाहिजे?"

"तुमच्या परवानगीनं."

अण्णाच्ची उठले, आत गेले, पाणी प्याले, बाहेर आले. परत आत गेले. वडिवु भात वेळत होती, तिनं वर पाहिलं नाही. बाहेर येऊन ते म्हणाले, "त्याचं घर कोट्टारला आहे. त्याच्याकडे जा. माझी परवानगी कशाला हवी? आचारी तो आहे."

तोवाळैच्या लग्नाला अण्णाच्ची जेवायला गेले. पाहुणे म्हणून पंगतीत बसायची सवय नव्हती. मांड्या ठरेनात, कान सगळा मांडवामागे. पानावर पहिलं मीठ पडलं, लोणचं पडलं, भाज्यांचं अवियल आलं. पंगतीच्या दुसऱ्या टोकाला वाढणाऱ्याच्या भांड्यात किती शिल्लक आहे हेही दिसत होतं, आणि तीच पंचाईत होती. "अगं, तो बघ भात सांडतोय. तिकडे त्या म्हातारीला पापड दिलाच नाही."

"जेवा," वडिवु म्हणाली.

तीयल आलं. त्यांनी भातावर ओढून घेतलं, कालवलं, पहिला घास घेतला आणि मग मागायला तोंड उघडायच्या आत वाढप्यानं पुन्हा वाढलं, तेही खाल्लं.

हात धुवायला नळापाशी गेले तर सुडलैमुत्तु तिथेच घुटमळत होता. घामानं निथळत होता, कपाळाला काजळी. जेवण कसं झालं ते तो विचारणार नव्हता, हे अण्णाच्चींना माहीत होतं.

"सुडलै," ते हात झटकत म्हणाले, "भाजणीत धणे कमी केलेस."

सुडलैमुत्तुनं कपाळाची काजळी पुसली. "हो. मला तसंच आवडतं, अण्णाच्ची."

"हं." अण्णाच्चींनी पंचाला हात पुसले, एकदा पुसले, पुन्हा पुसले. "पेच्चीला सांग, डावा डोळा सोमवारी करू. आणि त्या दिवशी तुझं कुठलं काम घेऊ नकोस. तिथे बाकावर बसायला वडिवुला सोबत पाहिजे."